पाट आणि प्रार्थनामंदिर

बारामतीहून सुप्यावरून चौफुल्याकडे निघालं की लागणारा बराचसा मुलूख एके काळी एकाच तालुक्यात होता. तालुक्याचं नाव भीमथडी, ठाणं बारामती. आज दौंड तालुक्यात असलेलं केडगाव स्टेशनही त्याच्याच हद्दीत होतं. (नगरला चिकटलेलं केडगाव ते वेगळं.) या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात, एक मोठं चर्च आहे. त्याची पायाभरणी 20 सप्टेंबर 1899 ची. कऱ्हेकाठच्या कऱ्हाटीतल्या माणसाला मोरगावचा मयूरेश्वर ठाऊक असतो, बारामतीतला मोरोपंतांचा वाडा ठाऊक असतो. या चर्चबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "ते होय, ते मिशनचं." आणि विषय तिथंच संपतो.

पुढे बोलणारे दोघं मामा-भाची आहेत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बागायती पट्ट्यातले, उभी नोकरी नीरेच्या डाव्या कालव्यावर झालेली. भाची कऱ्हाटीची, म्हणजे जिरायती भागातली. ती कॉलेजात इतिहास शिकवते आणि सध्या परिसरातल्या जुन्या वास्तूंची यादी करते आहे. दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या बोलण्यात जो आवाज सगळ्यात आधी यायला हवा, तो इथं नाही.

मामा: नीरेचा डावा कालवा घेतलास का गं तुझ्या यादीत?

भाची: मामा, यादी वास्तूंची आहे. वाडे, वेशी, देवळं, बारवा. कालवा कुठं बसवू त्यात?

मामा: आणि केडगावचं चर्च बसतं?

भाची: त्याच्यावरच तर अडलेय. सव्वाशे वर्षांची इमारत आहे, यादीत येणारच. पण तिच्यापुढं चार ओळी काय लिहायच्या? "पंडिता रमाबाईंनी अनाथ मुलींसाठी बांधलेलं भव्य चर्च" असं सगळेच लिहितात. तेवढं लिहिलं की बाईंना नमस्कार होतो, वास्तूचा इतिहास राहूनच जातो.

मामा: मग तू काय लिहिणार?

भाची: ज्यांच्यासाठी बांधलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे. 1897 साली मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, 1900 साली गुजरातेतून आणलेल्या मुली. घरचं माणूस उपासमारीनं गेलेलं किंवा सोडून गेलेलं. आगगाडीत बसवून अनोळखी भाषेच्या मुलखात उतरवलेली आठ-दहा वर्षांची पोर. तिला जेवण मिळालं, लुगडं मिळालं, अक्षरओळख झाली, आणि त्याबरोबर देवही मिळाला. तो तिनं निवडला असं म्हणायचं का?

मामा: म्हणू नकोस. पण मला सांग, पाटाची माती उपसणाऱ्यानं पाट निवडला होता का?

भाची: आला तुमचा पाट.

मामा: येणारच. 1876-77 च्या दुष्काळात या कालव्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर घातले. सरकारच्या टेंपलसाहेबानं हिशेब करून मजुरी इतकी खाली आणली की गड्याच्या वाट्याला दिवसाला पौंडभर धान्याचे पैसे, वर एखादा आणा. आमच्या मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्यावर कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. त्या पौंडभर धान्यातून वीरपासून इंदापूरपर्यंतच्या कालव्याची सुरुवात झाली, आणि 1885 मध्ये पाणी सुटलं. वर भाटघरचं धरण, खाली दीडशे किलोमीटरच्या वर पाट. आज ऊस, द्राक्षं, साखर कारखाने, बंगले जे काही दिसतंय ते त्या मातीकामावर उभं आहे. त्याला कुणी इंग्रजांचा कालवा म्हणतं का? आमचा पाट म्हणतात. मग भीमेकडच्या अंगाला दुसऱ्या दुष्काळानं एक इमारत उभी केली, ती एका मराठी बोलणाऱ्या बाईनं केली, आणि ती मात्र "मिशनची". हे कसं?

भाची: कारण पाट पाणी देतो. तो तुमची जात, देव बदलायला सांगत नाही.

मामा: पाणी देतो, पण कुणाला? पाटाखाली ज्याची जमीन आली त्याला.

भाची: हे तुम्ही म्हणताय? मग मलाही म्हणू द्या. आमच्या कऱ्हाटीला तुमचा पाट कधी आला? आम्ही कऱ्हेच्या वाळूत झिरे खोदत बसलो. सुप्याच्या भागाला उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघायला किती पिढ्या गेल्या, ते तुम्हाला माहीत आहे.

मामा: तेच म्हणतोय मी. दुष्काळातून जे उभं राहतं ते सगळ्यांना सारखं पुरत नाही. म्हणून ते परकं ठरत नाही.

(इथं मामांनी दाद मिळवली, पण मुद्दा जिंकला असं मला वाटत नाही. टेंपलची मजुरी निर्दय होती, एवढ्यानं केडगावच्या मुलींच्या संमतीचा प्रश्न सुटत नाही. दोन सक्ती एकमेकींना माफ करत नाहीत. मात्र मामांनी एक गोष्ट नेमकी हेरली. चर्च आणि कालवा या दोन्हींकडे आपण बघतो ते दुष्काळ वगळून.)

भाची: बरं, दुष्काळावर येऊ. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बाईंचं स्वतःचं आयुष्य. 1874 च्या सुमाराला मद्रास इलाख्यात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण, तिघंही अन्नावाचून गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं, हे त्या कुटुंबाचं आयुष्य. दुष्काळात दक्षिणा देणारं कोण? मजुरी करावी तर ती शिकवण नव्हती, तसा रिवाजही नव्हता. शेवटी भावानं म्हटलं की जातीचा ताठा सोडून मी हातानं काम करतो. बाईंनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

मामा: मग मुक्तीत मुलींच्या हाताला काम का दिलं, ते यातून कळत नाही का? हातमाग, तेलघाणा, शिवण, दुभती जनावरं, शेती, भांड्यांना कल्हई, छापखाना. शास्त्रीबुवांची, भागवत तोंडपाठ असलेली मुलगी बायकांना तेलघाण्यावर उभं करते. पुण्यातल्या विधवा-सुधारणेत हे कुठं होतं?

भाची: नव्हतं. पुण्यात बाईंची विधवांची शाळा, शारदा सदन, होती तोवर तिथल्या मुली बहुतेक वरच्या जातींतल्या. केडगावला दुष्काळानं सगळ्या जातींच्या मुली आणल्या. हा फरक मी लिहिणारच आहे.

मामा: आणि चर्च बघ कसं आहे. मी मुंबईचं अफगाण चर्च पाहिलंय, लढाईत मेलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ बांधलेलं. बाकांना बंदुका टेकवायला खाचा केलेल्या. पुण्याच्या लष्करातलं सेंट मेरी, 1825 चं, तेही पलटणींसाठीच. ती राज्यकर्त्यांची चर्चं, त्यांच्या लोकांसाठी. केडगावचं बांधलं ते पोरींनी जमिनीवर मांडी घालून बसावं म्हणून. लुगडी नेसलेल्या, जेवणात डाळ-भाकरी. बाई स्वतः शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

भाची: जमिनीवर बसण्यानं धर्मांतर देशी होत नाही, मामा.

मामा: होत नाही. पण बाईंनी पाद्र्यांचंही ऐकलं नाही, हे तरी धरशील? इंग्लंडात वाँटेजला 1883 साली बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरबाईंशी वाद सुरू. त्रैक्यावर वाद, बिशपाच्या अधिकारावर वाद. क्रुसावर लॅटिन मजकूर कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत वाद. नंतर केडगावला स्वतःचं चर्च बांधलं तेही कुठल्या पंथाच्या ताब्यात दिलं नाही.

भाची: हे खरंय. त्यांच्या ख्रिस्तीपणाला कुणाचाच मालकी हक्क चालला नाही. तसं बघितलं तर त्यांच्या हिंदूपणालाही नव्हता चालला. पण मला इथं वेगळं विचारायचंय. त्यांनी पाद्र्यांशी भांडून स्वतःचं स्वातंत्र्य राखलं. मुक्तीतल्या मुलीला बाईंशी तसं भांडता येत होतं का?

मामा: हां. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

भाची: माझ्याकडंही नाही. म्हणून तर चार ओळी लिहायला इतके दिवस लागतायत.

मामा: मग दुसऱ्या टोकाकडून धर. ही इमारत केडगावलाच का? पुण्यात का नाही? एवढं मोठं चर्च आडस्टेशनावर कशाला?

भाची: ती साखळी मला पाठ आहे. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं. 1890 मध्ये ते पुण्यात आलं. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा पैसा, दहा वर्षांची हमी. धर्म शिकवायचा नाही, ज्याचा त्याचा आचार ज्याला त्याला पाळू द्यायचा, अशी अट. रानडे, भांडारकर सल्लागार.

मामा: आणि त्याच वर्षी पुण्यात पंचहौदाच्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य! टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताचा प्रश्न पडला. चर्चच्या आवारातला कपभर चहा ज्या गावाला पचत नव्हता, त्या गावात ही बाई विधवांची शाळा चालवत होती.

भाची: पण 1893 च्या वादात सगळा दोष पुण्याचा होता असं मी लिहिणार नाही. सकाळी बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला हाकललंही नाही. पालकांचं म्हणणं, आमच्या कोवळ्या पोरीसमोर दार उघडं ठेवणं हेच बोलावणं. "केसरी"नं झोड उठवली, सल्लागार मंडळ बाजूला झालं, वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजू कळतात.

मामा: मला एकच कळते. त्याच वर्षी त्याच सदनातल्या गोदूबाईशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्यांनाही मुरुडात वाळीत टाकलं. म्हणजे धर्म न सोडतासुद्धा वाळीतच. दार उघडं होतं की बंद, याला काय अर्थ उरला?

भाची: अर्थ आहे. कर्वे पुढं हिंगण्याला गेले आणि पुण्याच्या समाजातच राहून काम करत राहिले. शंभरीत भारतरत्न झाले. बाई केडगावला गेल्या आणि महाराष्ट्राच्या गोष्टीतून जवळजवळ बाहेर गेल्या. ते उघडं दार त्यांना महाग पडलं.

मामा: जमीन मात्र हुशारीनं घेतली. बॉस्टनवाल्यांची दहा वर्षं संपली की सदन चालणार कशावर, म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर. फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. मी पाण्याचा माणूस, म्हणून सांगतो, जिरायती रान घेऊन विहिरी खोदून बाग लावणं हा त्या काळी जुगार होता. रेल्वेचं स्टेशन जवळ, ही एक गोष्ट जमेची. बाकी सगळं पाऊस आणि झऱ्यावर.

भाची: याच तालुक्यात, सुप्याला, 12 मे 1875 ला लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली. दख्खनच्या दंग्याची पहिली ठिणगी तिथली. वीसेक वर्षांनी त्याच मुलखात एक परित्यक्त झालेली विद्वान बाई जमीन घेते...

मामा: परित्यक्त कशी? विधवा म्हण.

भाची: समाजानं टाकलेली म्हणून म्हटलं. राहू द्या, विधवा म्हणते. पुढं 1896-97 चा दुष्काळ. बाई मध्य प्रांतात गेल्या, तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. आणि नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. दुष्काळातून आलेल्या एवढ्या मुलींना पुण्यात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. झालं, फळबागेसाठी घेतलेल्या रानात तंबू आणि छपरं उभी राहिली. म्हणजे केडगाव हे बाईंनी तीर्थक्षेत्रासारखं निवडलेलं ठिकाण नव्हतंच. पुण्यानं एकदा 1893 ला ढकललं, सरकारनं दुसऱ्यांदा 1897 ला.

मामा: आणि त्याच सालात बाईंनी सरकारला धुतलं की! पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांचे कसे हाल होतात, त्यावर "बाँबे गार्डियन"ला पत्र. ते विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्टला खुलासा करावा लागला. मिशनरी म्हणून इंग्रजांच्या ओंजळीनं पाणी पिणारी बाई असती, तर असलं पत्र लिहिलं असतं का?

भाची: नसतं लिहिलं. मामा, या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. सरकारचा हात म्हणून चालणारं मिशन कसं असतं, ते बघायला केडगावला जायची गरजच नाही. ते बारामतीत होतं.

मामा: सेटलमेंट म्हणतेस?

भाची: हो. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. मुंबई इलाख्यात तो 1911 नंतर लागू झाला. पारधी, कैकाडी अशा जमातींतली माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरली. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, कामाला जुंपायचं. सोलापूरची वसाहत सगळ्यांना ठाऊक आहे, बारामतीचीही होती. आणि बारामतीची चालवायला होतं ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचं मिशन. दवाखाने, शाळा त्यांनीही काढल्या, दौंडला त्यांनी मोठं काम केलं, ते नाकारत नाही. पण हजेरीपटावर सही घेणारा आणि रविवारी उपदेश करणारा माणूस एकाच संस्थेचा. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला तेव्हा ही माणसं कागदोपत्री सुटली.

मामा: आमच्या पाटाच्या दुरुस्तीवरही ते लोक यायचे, असं जुनी माणसं सांगायची.

भाची: मग आता सांगा. बाहेरून बघणाऱ्याला बारामतीचं मिशन आणि केडगावचं मिशन यात फरक दिसतो का? क्रूस तोच, प्रार्थना तीच, कुंपणही आहेच.

मामा: फरक आहे. बारामतीत सरकारनं माणसं आणून दिली आणि मिशननं ठेवली. केडगावात बाईनं स्वतः जाऊन मरणाऱ्या पोरी उचलल्या. सरकारनं अडवलं तरी.

भाची: त्या मुलींच्या बाजूनं सांगा.

(इथं मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला त्यांची अडचण समजते. ज्याला आणलं त्याच्या जागेवरून बघितलं की आणणाऱ्याच्या हेतूला फारशी किंमत राहत नाही. पण पुढं भाचीनंच त्यांची सुटका केली, आणि तीही अशा ठिकाणी जिथं त्यांना ती नको होती.)

भाची: मुलींच्या बाजूनं सांगायला मला एकच जागा सापडते. 1905.

मामा: ते रडणं-ओरडणं? ते सोड गं. बाईंच्या सगळ्या कामात मला तेवढंच पटत नाही. शाळा, विहिरी, छापखाना हे ठीक. रात्र-रात्र प्रार्थना, अंगात आल्यासारखं थरथरणं, अनोळखी भाषा बोलणं... आपल्याकडं त्याला अंगात येणं म्हणतात आणि आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो.

भाची: तुम्ही बारव बघता आणि तिच्यातला देव बघत नाही, मामा. जून 1905 च्या अखेरीला मुक्तीत ते सुरू झालं. वेल्समधल्या पुनरुज्जीवनाच्या बातम्या आल्या होत्या, मुली गटागटानं प्रार्थनेला जमत होत्या. त्या दिवसांत चर्चमध्ये पाद्री बोलत नाही, बाईही फारशा बोलत नाहीत, मुली बोलतात. मोठ्यानं, एकाच वेळी, आपापल्या शब्दांत. पापं कबूल करतात, भांडणं मिटवतात, रडतात, हसतात. मग टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊन सांगतात. ज्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं असं मी म्हणत होते, ती शंभर लोकांपुढं उभी राहून स्वतःबद्दल बोलते. ते बोलणं ख्रिस्ताचं आहे, म्हणून मी ते मोजायचंच नाही का?

मामा: तूच तर मघाशी म्हणालीस की देव तिनं निवडला नव्हता.

भाची: मिळाला तेव्हा निवडला नव्हता. पण नंतर तिनं त्याचं काय केलं, हे तिचं आहे. मला कागदांत एवढीच फट दिसते, आणि ती त्या चर्चच्या भिंतींच्या आत आहे.

मामा: कागदांत काय? ते लिहिलं कुणी? परदेशी बायांनीच ना?

भाची: बऱ्याच अंशी. मिनी अब्राम्स नावाची अमेरिकन मिशनरी 1898 पासून बाईंबरोबर होती. तिनं 1906 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत चिलीत, वाल्पाराइसोला, तिच्या एका मैत्रिणीकडं गेली. हूवर नावाच्या मिशनरीची ती बायको. त्यातून तिथं 1909 मध्ये जी चळवळ उभी राहिली, ती आज चिलीच्या पेंटेकॉस्टल पंथाचं मूळ मानली जाते. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं नाव जगभर घेतात, तिथं हे सगळं सुरू झालं 1906 मध्ये. केडगाव त्याच्या वर्षभर आधी.

मामा: दक्षिण अमेरिकेत? आमच्या केडगावातून?

भाची: भीमथडीची तट्टं यमुनेपर्यंत गेली, याचा आपण केवढा अभिमान धरतो. इथून एक गोष्ट समुद्र ओलांडून गेली, तर आपल्याला पत्ताही नाही.

मामा: मला अजूनही ते पटत नाही.

भाची: पटायची गरज नाही. मलाही ते माझ्या श्रद्धेचं वाटत नाही. पण इमारतीच्या नोंदीत ते हवं. नाहीतर काय होईल, माहितेय? दगड, चुना, लांबी-रुंदी आणि संस्थापिकेचं नाव. जसं तुमच्या भाटघरच्या जुन्या धरणाला व्हायटिंगसाहेबाचं नाव आणि नव्याला लॉइडसाहेबाचं.

मामा: लॉइड धरण 1928 चं. पण धरणावर मजुरांची नावं कोण कोरणार? हजेरीपट होते, तेही खात्यानं कधीच रद्दीत घातले असतील.

भाची: चर्चच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मी म्हणते. त्यातही एक पेच आहे. बायबलचं बघा. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत भाषांतर केलं, वर्षानुवर्षं. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. ज्या पोरीला आल्या दिवशी स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती पुढं हिब्रूचे खिळे जुळवते. पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. बाई 5 एप्रिल 1922 लाच गेल्या होत्या, त्यांची मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, 1921 मध्ये. ग्रंथावर नाव बाईंचं, आणि ते योग्यच आहे. पण मुद्रणाचं काम पूर्ण केलं त्या मुलींची आठवण आपल्याकडं कोण काढतं?

मामा: मनोरमाबाईंचं काम थोडं नव्हतं हं. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल शिकून शिकवणारी बाई. त्या काळात आपल्या भागात असं काम करणारं कोण होतं?

भाची: तेही नोंदीत येईल. फक्त चार ओळी आता चौदा होतायत.

मामा: मग कालव्याच्याही चार घाल. दोन्हींचं एक पान कर.

भाची: ते मी करेन. पण एक अट. कालव्याच्या पानावर "या कालव्यानं तालुक्याचा कायापालट केला" असं वाक्य येणार नाही. कुठल्या गावाला पाणी गेलं आणि कुठल्या नाही, ते येईल. कऱ्हाटीचं नाव दुसऱ्या रकान्यात.

मामा: लिही. आणि चर्चच्या पानावर पहिलं साल 1899 टाकू नकोस.

भाची: का? पायाभरणी त्याच सालची.

मामा: पायाभरणी त्या सालची, पाया त्याआधीचा. 1874 टाक, बाईचे आईबाप गेले ते. मग 1893 टाक, पुण्यानं दार लावलं ते. मग 1897, प्लेगची मनाई. मग 1899. आणि पायाभरणीनंतर लगेच छप्पनचा (संवत 1956 चा) दुष्काळ आला, गुजरातेतून मुली आल्या, मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढी माणसं बसतील अशी जागा लागली, म्हणून ते चर्च एवढं मोठं. हौस म्हणून नाही.

भाची: हे चांगलंय. पण यात मुली कुठंयत? तुमच्या प्रत्येक सालात बाई आहेत, सरकार आहे, पुणं आहे.

मामा: 1905 टाक मग.

भाची: तुम्हाला पटत नसताना?

मामा: मला पटत नाही म्हणून ते झालं नाही असं थोडंच? पण खाली कंसात लिही, की आजही तिथं बायका-मुलं राहतात, शाळा चालते, उपासना मराठीत होते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, पडीक किल्ल्यावर बोलतोय आपण.

भाची: कंसात नाही, ते वर घेते. आणि नोंद छापण्याआधी तिथल्या बायकांना वाचून दाखवते. त्यांनी खोडलं तर खोडलेलंच छापीन.

मामा: आणि त्यांनी तुझा तो संमतीचा मुद्दाच खोडला तर?

भाची: तर त्यांच्याशी भांडेन. तुमच्याशी भांडले तशी.